रफूबाई आणि खालची

रफूबाईंच्या खोलीला दार होतं, पाटी नव्हती. एकोणीस वर्षांत पाटीची गरजच पडली नाही. कापडबाजारातल्या कुठल्याही दुकानात कुणी विचारलं, कोटाला भोक पडलंय, काय करू, तर दुकानदार मान वर न करता सांगायचा, "लाँड्रीच्या वर, पहिला मजला. आणि घाई आहे असं म्हणू नका."

घाई आहे म्हणणाऱ्याचा कपडा रफूबाई पुन्हा घडी करून त्याच्या हातात द्यायच्या. रागानं नाही, अगदी हसतमुखानं. "मग दुसरीकडे बघा हं," म्हणायच्या. दुसरीकडे कुणी नव्हतंच. हे त्यांना ठाऊक होतं, गिऱ्हाइकाला ठाऊक होतं, आणि गिऱ्हाइकाला ते ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. तो माणूस अर्धा जिना उतरून परत वर यायचा आणि विचारायचा, "बरं, कधी येऊ?" मग रफूबाई सांगतील ती तारीख आणि रफूबाई सांगतील तो भाव.

काम मात्र तसंच होतं. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. आधी भोकाच्या विस्कटलेल्या कडा धाग्याधाग्यानं कापून भोक चौकोनी करून घ्यायचं. मग त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथून, लांब धागे उपसून काढायचे. ते एकेक करून उभे ताणायचे आणि त्यांतून आडवे विणत जायचं, मूळ वीण जशी असेल तशी. बोटभर भोकाला पाऊण दिवस जायचा. उत्तरेची खिडकी, मान वाकवता येणारा दिवा, स्टँडवरचं भिंग आणि बुचात टोचलेल्या नऊ सुया, एवढ्यावर सगळं चालायचं.

आणि काम संपलं की ते दिसेनासं व्हायचं. दिसलं तर ते बिघडलं. गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करून "कुठे होतं हो ते?" असं विचारायचं, पैसे द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी भोकासकट रफूबाईंनाही विसरून जायचं. शिंपिणीचा कपडा रस्त्यातून मिरवतो, तिचं नाव होतं. रफूबाईंचा हात एकोणीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता. याचं त्यांना वाईट वाटायचं का? वाटायचं. पण बाजारात दुसरी कुणी नाही, या एका गोष्टीवर त्या ते वाईट वाटणं निभावून नेत होत्या.

त्यांचे यजमान कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. सगळे त्यांना सर म्हणत. दर वर्षी बाजाराच्या प्रकारांचा धडा आला की ते वर्गात सांगायचे, "मक्तेदारी समजून घ्यायला लांब जायला नको, माझ्या घरात आहे. एकच विक्रेता, जवळचा पर्याय नाही, नव्याला आत यायला वाट नाही आणि भाव विक्रेत्याच्या हाती. मी तर घरी फक्त भाव ऐकून घेतो." मुलं बाकं वाजवायची. सर घरी येऊन तेही सांगायचे.

"माझी थट्टा करता वर्गात," रफूबाई म्हणायच्या, आणि त्या दिवशी भाजीला फोडणी जरा जास्त मनापासून पडायची.

"थट्टा कसली? तू उदाहरण आहेस माझं."

"आणि ती पूर्ण स्पर्धा म्हणता ती कुणाची?"

"असंख्य विक्रेते, सगळ्यांचा माल एकसारखा, भाव कुणाच्याच हातात नाही."

"म्हणजे बटाटेवाले."

"पुस्तकापेक्षा बरं सांगितलंस."

नव्याला आत यायला वाट नाही, हे मात्र आपोआप झालेलं नव्हतं. शिकायला तिघी येऊन गेल्या होत्या. रफूबाईंनी प्रत्येकीला महिनाभर नुसते दुमडीतले धागे उपसायला बसवलं. पहिली आठव्या दिवशी पळाली. दुसरीचे डोळे दुखायला लागले. तिसरीचा हात चांगला होता, फारच चांगला होता. तिला रफूबाईंनी तिसऱ्या आठवड्यात जवळ बसवून, चहा पाजून, "डोळे फार नाजूक असतात गं, जप," असं सांगून घरी पाठवलं. ती बँकेत लागली आणि सुखात राहिली. रफूबाईंना कधी रुखरुख लागली नाही.

आणि मग खालची आली.

एका सोमवारी रफूबाई जिन्याशी पोचल्या तर लाँड्रीच्या दर्शनी भागात काचेची खोली उभी होती. काचेवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: रफू. त्याच दिवशी. बसून बघा. बघणाऱ्यांसाठी दोन खुर्च्याही मांडल्या होत्या. आत निळा एप्रन घातलेली, चाळिशीच्या आतली एक बाई मान खाली घालून काम करत होती आणि दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या.

रफूबाई तेवीस पायऱ्या चढून वर गेल्या, कुलूप उघडलं आणि बसल्या. सुईत दोरा ओवायला त्यांना तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

त्या दिवसापासून जाता-येता त्यांचे डोळे काचेकडे जायचेच. बघायचं नाही असं ठरवून त्या बघायच्या. खालचीचा पाठीचा कणा ताठ होता. रफूबाईंच्या मानेला गाठ आली होती. खालची काम करता करता बोलायची, हसायचीसुद्धा, आणि सुई थांबायची नाही. तिच्याजवळ काचेच्या बाटलीत हिरवा वेल होता. रफूबाईंना वाटलं, वेल ठेवायचं आपल्याला कसं सुचलं नाही? मग वाटलं, वेल कशाला लागतो रफूला? आठवडाभरानं त्यांनी कुठूनशी एक कुंडी आणून खिडकीत ठेवली, आणि कुंडी उजेड अडवते म्हणून परत घरी नेली.

सगळ्यांत जास्त डाचत होतं ते बघणाऱ्यांचं. बसून बघा! रफू काय बघायची गोष्ट आहे? पण लोक बघत होते. तोंडात बोट घालून बघत होते. भोक कसं हळूहळू भरत येतं ते बघून एका म्हातारीनं टाळ्या वाजवलेल्या रफूबाईंनी स्वतः ऐकल्या. एकोणीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं, दार लोटून.

महिना झाला तरी लाँड्रीवाल्याचं गाठोडं वर आलं नाही. त्याच्याकडे धुवायला येणाऱ्या कपड्यांतलं जे फाटलेलं निघायचं ते सगळं तो रफूबाईंकडे पाठवायचा. त्यांचं निम्मं काम तेच होतं. ते गेलं तर खोली सोडून घरी बसायची पाळी येणार होती. रफूबाई हँगर मागायचं निमित्त करून खाली गेल्या.

"काय भाऊ, या महिन्यात कुणाचं काही फाटलंच नाही वाटतं?"

लाँड्रीवाला इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाला, "फाटतंय हो वहिनी. पण लोकांना आता लगेच पाहिजे. आणि खरं सांगू का, भावाचं पण आहे. तुम्ही भोकामागे शंभर घेता. ही साठात करते."

"साठात काम पण साठाचंच होत असेल."

"दिसत तर नाही हो काही."

"न दिसणं हेच तर काम आहे!"

"तेच म्हणतोय मी. तुमचंही दिसत नाही, तिचंही दिसत नाही. मग माणसानं चाळीस जास्त कशाचे द्यायचे?"

रफूबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. काचेपलीकडे खालची कुणाला तरी हसून सांगत होती की तिरप्या विणीला धीर लागतो.

"महिनाअखेर ठरवून टाकू," लाँड्रीवाला म्हणाला. "दोन-दोन ठिकाणी गाठोडी पाठवणं मला जमत नाही. एकीलाच सगळं देणार. तुम्ही पन्नासावर या, मी पहिला तुमच्याकडे येतो. शेवटी जुनी ओळख आहे."

घरी सरांना सांगितलं तर सरांचे डोळे चमकले.

"म्हणजे आता दोघीच विक्रेत्या! द्वयाधिकार! अगं, पंचवीस वर्षं मी हे फळ्यावर नुसतं लिहितोय. आता बघ हं, दोघींपैकी प्रत्येकीला दुसरी काय करेल याचा अंदाज घेऊनच पाऊल टाकावं लागतं..."

"अहो, माझं काम हातचं चाललंय."

"हो हो, ते आहेच. पण तिचं ते काचेत बसणं किती हुशारीचं आहे! माल तोच, पण वेगळा वाटायला लावायचा. वस्तुभेद म्हणतात त्याला. आज येताना बोललो मी तिच्याशी. वडिलांकडून शिकलीये म्हणे. फार गोड बोलते."

रफूबाईंनी पोळी तव्यावर जरा जोरात उलटली. "तिला पण सांगितलंत, तुम्ही माझं उदाहरण आहात म्हणून?"

"उदाहरण तुम्ही दोघी मिळून आहात," सर निरागसपणे म्हणाले. "एकटी तू आता चालणार नाहीस."

त्या दिवसापासून सर रोज कॉलेजातून येताना काचेशी थांबायला लागले. खोलीच्या फरशीतून रफूबाईंना खालचं हसणं ऐकू यायचं. एकोणीस वर्षांत सर पहिल्या मजल्यावर किती वेळा आले होते? छत्री विसरली तेव्हा एकदा, आणि किल्ली हरवली तेव्हा एकदा.

आता त्यांना एकच ध्यास लागला. खालचीचं काम जवळून बघायचं. भिंगाखाली घ्यायचं, धागा कुठे चुकलाय तो शोधायचा आणि लाँड्रीवाल्याच्या टेबलावर आपटायचा: बघा, हे साठाचं. पण तिचं काम हाती येणार कसं? तिच्याकडे कपडा नेणारा माणूस त्यांच्याकडे कशाला येईल?

शनिवारी सकाळी सर अंघोळीला गेले होते. त्यांचा राखाडी कोट खुर्चीच्या पाठीवर होता, तिरप्या विणीचा, पाठीला अस्तर नसलेला. अशा विणीवर चांगल्या चांगल्यांचा हात उघडा पडतो. रफूबाईंनी कात्री घेतली, उजव्या खांद्याखाली चार बोटांवर, जिथे उजेड सरळ पडतो अशी जागा निवडली, आणि कापलं. मग त्या खुर्चीवर बसल्या, कारण एवढ्या वर्षांत त्यांनी भोकं फक्त बुजवलेली होती.

"दाराच्या खिळ्याला अडकला वाटतं तुमचा कोट," सर बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या.

सरांनी भोकातून बोट घालून बघितलं. "अरेरे. मग तू कर ना."

"मला वेळ नाही." गेल्या चार दिवसांत त्यांच्याकडे एक मफलर आला होता. "खाली द्या टाकून. तुमचं बरं जमतं तिच्याशी."

सर इतक्या लगबगीनं निघाले की तेही रफूबाईंना लागलं.

संध्याकाळी चारला कोट घेऊन सर सरळ पहिल्या मजल्यावर आले. दारात क्षणभर थांबले, मग खोलीभर नजर फिरवत म्हणाले, "छान उजेड आहे गं इथे." रफूबाईंनी कोट त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला, खिडकीत धरला, भिंग ओढलं.

खांद्याच्या शिवणीखाली चार बोटं. तिथे काही नव्हतं. त्यांनी कोट आडवा केला, तिरका केला, उजेड मागून घेतला, बाजूनं घेतला. डोळे पुसले, चष्मा पुसला, भिंग पुसलं. तिरप्या रेघा वरपासून खालपर्यंत शिस्तीत चालल्या होत्या, जसं कात्रीनं त्यांना कधी गाठलंच नव्हतं. शेवटी उलट बाजूनं डोळे मिटून बोट फिरवलं तेव्हा केसाएवढी जाडी लागली. सुलट बाजूला काहीच नाही.

चूक सापडली असती तर किती बरं झालं असतं! त्यांनी बोटांकडे पाहिलं. ती अजून कोटावरच होती आणि, नको असताना, तो रफू कुरवाळत होती.

"तिनं पैसे घेतले नाहीत," सर मागून म्हणाले.

"का?"

"म्हणाली, भोक आधीच नीट चौकोनी करून दिलंय, माझं अर्धं काम वाचलं." सर घसा साफ करत थांबले. "म्हणाली, सर, खिळ्यानं असं भोक पडत नाही. उभ्या धाग्यावर सरळ, आडव्या धाग्यावर सरळ, एक सूत इकडेतिकडे नाही. असं कापायला हात तयार लागतो. हे ताईंनी कापलंय."

रफूबाईंना कानापर्यंत गरम झालं. इतक्या वर्षांची सवय! कपडा फाडायला घेतला तरी हातानं तो रफूला तयार करूनच ठेवला. दुसऱ्या कुणीही कापला असता तर वेडावाकडा कापला असता आणि कुणाला काही कळलं नसतं.

"का गं कापलास माझा कोट?" सरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त अवघड होतं.

"तुमचा कोट! अकरा वर्षं मीच तो कोट राखलाय!"

"हो. तेही ती म्हणाली."

"काय म्हणाली?"

"की यात आधीचे तीन रफू आहेत. मी म्हटलं, छे, माझा कोट एकदाही फाटलेला नाही." सर जरा ओशाळले होते. "तेव्हा ती हसली. एवढी हसली की खुर्चीवरचे लोकही हसायला लागले. मला सांगितलं नाहीस कधी."

"सांगायचं कशाला? तुम्हाला दिसायला नकोत म्हणून तर केले होते."

नवऱ्याच्या अंगावर अकरा वर्षं असलेलं आपलं काम पहिल्यांदा पाहिलं कुणी, तर तिनं. त्यांना आनंदही झाला होता आणि त्या आनंदानंच पोटात दुखत होतं. बघणारं माणूस मिळायचंच होतं तर दुसरं कुणीही चाललं असतं.

सोमवारी दुपारी, लाँड्री जेवणासाठी बंद असताना, जिन्यावर पावलं वाजली. खालची दारात उभी होती, निळ्या एप्रनमध्ये. जवळून बघितल्यावर तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं दिसली. रफूबाईंना त्यानं जरा बरं वाटलं.

"येऊ का ताई?"

"आलातच की."

खालची आत आली, पण बसायला कुणी सांगितलं नाही म्हणून उभीच राहिली. "सरांच्या कोटाचं विचारायचं होतं. मी धागे काढायला दुमड उघडली, तर तिथले धागे आधीच काढलेले. म्हटलं, म्हणजे ते कुठेतरी लागलेत. म्हणून शोधत बसले. खिशाच्या कडेला एक सापडला, कॉलरच्या मोडीत एक. धाग्यांच्या हिशेबानं तिसरा असायलाच पाहिजे. कोपरावर आहे का?"

रफूबाई मफलर उलगडत होत्या. "असेल."

"डाव्या की उजव्या?"

"शोधा की. तुमच्याकडे तर बसून बघायला खुर्च्याही आहेत."

खालचीनं टोमणा गिळला. मग म्हणाली, "खुर्च्या माझ्या नाहीत ताई, त्यांच्या आहेत. काच पण त्यांची. लोक बघायला लागले की मान दुखते, पण उठता येत नाही. त्याच दिवशी द्यायचं म्हणून जेवण राहतं. आणि आता म्हणतात, पंचेचाळीसवर या. वरच्या बाई पन्नासावर यायला तयार आहेत म्हणे."

मफलर रफूबाईंच्या हातात तसाच राहिला. "मी? मी कधी तयार झाले?"

"ते म्हणाले."

"मला सांगितलं तुम्ही साठात करता."

"मी ऐंशीनं सुरुवात केली होती. तुमचं सत्तर झालंय असं सांगून साठावर आणलं मला."

मग रफूबाईंनी पायानं स्टूल पुढे सरकवलं. खालची बसली.

त्या दुपारी ठरलं ते एवढंच: दोघींचा भाव भोकामागे शंभर. एकीनंही खाली यायचं नाही, लाँड्रीवाला काहीही सांगो. हात मिळवले नाहीत. खालची जाताना मफलरवर वाकून म्हणाली, "ही वीण अवघड आहे," आणि रफूबाई म्हणाल्या, "मला नाही," आणि दार लावून घेतलं.

रात्री सरांना कळलं तर ते जेवायचे थांबले.

"संगनमत! दोन विक्रेते आणि आपसांत भाव बांधून घेतलेला! पण टिकत नाही हं हे. पुस्तकात स्पष्ट आहे. प्रत्येकीला मोह होतो, आपण गुपचूप थोडं खाली यावं आणि सगळं गिऱ्हाईक आपल्याकडे ओढावं. दुसरीही तोच विचार करत असते. शेवटी एक जण मोडतेच."

"कोण मोडतं?"

"ज्याला जास्त गरज असते तो."

रफूबाईंना झोप लागली नाही. काचेतल्या तिला जास्त गरज असणार. ती मोडणारच. मग आधी आपण का नाही?

महिनाअखेरीला लाँड्रीवाला स्वतः गाठोडं घेऊन वर आला. धापा टाकत त्यानं ते टेबलावर ठेवलं. फुगलेलं, गच्च, तीन आठवड्यांचं काम.

"वहिनी, सरळ बोलतो. ती खालची डोक्यावर बसायला लागलीय. शंभर म्हणते आता! तुम्ही नव्वदला करा. पन्नास नको, साठ नको, नव्वद. सगळं काम तुमचं. काच मी उद्या उतरवतो, तिथे बटणं विकायला बसवतो कुणाला तरी."

रफूबाई गाठोड्याकडे बघत राहिल्या. म्हणजे ती मोडली नव्हती. दहाच कमी करायचे होते, आणि निळा एप्रन, तो वेल, त्या खुर्च्या, फरशीतून येणारं ते हसणं, सगळं जाणार होतं. पुन्हा त्या एकट्या. सरांचं उदाहरण पुन्हा त्या एकट्या.

त्यांनी गाठीतून डोकावणाऱ्या एका शालीचं टोक ओढून पाहिलं. महागडी शाल, कसर लागलेली, सात-आठ भोकं. याचा रफू असा होईल की कुणाला काही दिसणार नाही. कुणालाच दिसणार नाही. काच उतरल्यावर तर अख्ख्या बाजारात असं एक माणूस उरणार नाही, ज्याला दुमडीतले धागे कमी आहेत हे कळेल. मग आपला हात चांगला होता की बरा होता, हे कुणाला विचारायचं? सरांना? आणि तिचा हात आपल्यापेक्षा चांगला आहे का, हे तर कायमचं अधांतरी राहील. ती बटणांच्या पलीकडे कुठेतरी निघून जाईल आणि मनात आयुष्यभर वरचढ होऊन बसेल.

"शंभर," रफूबाई म्हणाल्या.

"अहो वहिनी, विचार करा..."

"केला. शंभर."

"मग मी सगळं तिलाच देतो. ती शहाणी असेल तर नव्वदला हो म्हणेल."

"विचारून बघा."

तो गाठोडं उचलून दाणदाण जिना उतरला. रफूबाई पाय न वाजवता मागोमाग जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. एकाच वेळी त्यांना वाटत होतं की तिनं नाही म्हणावं, आणि तिनं हो म्हणावं, म्हणजे ती कशी आहे ते एकदाचं सिद्ध होईल.

"शेवटचं विचारतो," लाँड्रीवाल्याचा आवाज आला. "वरची शंभरावर अडून बसलीये. तू नव्वदला करतेस का?"

सुई ठेवल्याचा बारीक आवाज आला. मग खालची म्हणाली, "ताई शंभर घेत असतील तर माझे एकशेदहा."

"काय?"

"मी त्याच दिवशी देते ना. घाई आहे त्यानं दहा जास्त द्यायचे. ज्याला घाई नाही त्याचं वर पाठवा. बघायला गर्दी जमते ती तुमच्याच दुकानात जमते, हे विसरू नका."

रफूबाई कठड्याला धरून तशाच उभ्या राहिल्या. ठरल्याचा भाव मोडला होता तिनं. पण खाली नाही, वर! एकशेदहा! आणि आपल्याला हे सुचलं नाही. वेल सुचला नाही, काच सुचली नाही, आणि हेही तिलाच आधी सुचावं! जीव नुसता जळत होता. खालून लाँड्रीवाल्याचं पुटपुटणं ऐकू आलं, मग गाठोडं सोडल्याचा आवाज, मग एका बाजूला "घाईचे" आणि दुसऱ्या बाजूला "बिनघाईचे" असे कपडे आपटले जाऊ लागले.

रफूबाईंना राहवेना. त्या कठड्यावरून अर्ध्या वाकल्या.

"भाऊ!"

लाँड्रीवाला जिन्याच्या तोंडाशी आला आणि वर बघू लागला. त्याच्या मागे काचेच्या दारातून निळा एप्रनही डोकावला.

"माझे एकशेवीस," रफूबाई म्हणाल्या.

"तुमचे का? तुम्ही तर पंधरा-पंधरा दिवस लावता!"

"म्हणूनच."

लाँड्रीवाल्यानं कपाळाला हात लावला. खालची आधी बघतच राहिली आणि मग हसली, तेच ते फरशीतून यायचं तसं हसणं. रफूबाईंना ते आजही सहन झालं नाही. त्या वळल्या आणि वर निघाल्या, पण तीन पायऱ्यांवर थांबून, मागे न बघता म्हणाल्या,

"आणि ती शाल वर पाठवा भाऊ. ती खाली नको."